खाडीपार गेलेली सून

रत्नागिरी, १६ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाही, तर तो गेला असं कुठल्या दिवसापासून म्हणायचं? कोर्टाने तुला सांगितलं, सात वर्षं. आई म्हणते, देह हाती लागेपर्यंत नाही. मी घरातली पहिली पदवीधर, आणि मला याचं उत्तर देता येत नाही. दादाबद्दल बोलताना मी 'आहे' म्हणते, मग 'होता' म्हणते, मग विषय बदलते.

तुझा नंबर लागत नाही. माझ्या मैत्रिणीच्या, झाराच्या फोनवरून लावला तर रिंग गेली, म्हणजे तो फक्त मला लागत नाही. मला राग नाही आला. तू घर सोडून माहेरी गेलीस तेव्हा आईने तुझ्या पिशव्या गल्लीत ठेवल्या होत्या, त्यानंतर तू आमच्यापैकी कुणाशी का बोलावंस? पण पत्र कुणी अडवत नाही, म्हणून लिहिते. जैतापूरचा पत्ता तोच असणार.

विठूकडून कळलं की देवगडचं स्थळ जवळजवळ ठरलं. बर्फाच्या कारखान्यात आहेत म्हणे, समुद्रावर जात नाहीत. विठू सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. दादाच्या होडीवरून तो एकटा जिवंत आला, तेव्हापासून तो आमच्या घरातल्या कुणाकडेच सरळ बघत नाही. मला खरंच आनंद झाला, वहिनी. मी नववीत असताना तू पहाटे उठून मला इतिहासाचे धडे म्हणायला लावायचीस, ते मी विसरलेले नाही.

माझी बातमी. मला काम मिळालं. पुण्याचे मितेश सर आहेत, त्यांनी 'बंदरगाणी' नावाची सहल सुरू केली आहे. दर शनिवारी पाहुणे येतात. मी आणि झारा त्यांना बंदर दाखवतो, आणि शेवटी आमच्या ओटीवर वाडीतल्या बायका गातात. आपल्याच ओटीवर. लोक लांबून येतात आणि आपल्या बायकांचं गाणं मांडी घालून ऐकतात, हे मी कॉलेजात असल्यापासून मनात धरून होते.

आणि ऐक. आई गायली. आठ वर्षांनी. मी तिला विचारलंही नव्हतं. बायका कच्च्या गात होत्या, तशी ती आतून येऊन दाराशी बसली आणि तिने सूर उचलला. माझे डोळे भरले. पाहुण्यांतल्या एका बाईंचेही भरले.

तुझी,
रुचिरा

रत्नागिरी, २ डिसेंबर २०२४

वहिनी,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते, तरी पोस्टमनला दोनदा विचारलं.

आमची सहल कशी असते ते सांगते. मांडवीच्या जेटीवरून सुरुवात. तिथून मिरकरवाडा, सकाळची मासळी उतरते तिथे. पाहुणे नाकाला रुमाल लावतात आणि मग लाजून काढतात. मग होड्या बांधतात त्या जागी, मग वर भगवतीच्या बाजूला दीपगृह. तिथून मी समुद्र दाखवते आणि सांगते की ही नुसती चौपाटी नाही, इथून गलबतं कुठे कुठे गेली. राजिवड्यात झाराचा भाग. तिचे आजोबा जैनुद्दीन गलबतावर होते, शीड ओढताना म्हणायचे ते हाकारे झाराला येतात. एका पाहुण्याने तिला विचारलं, तुमचे आजोबा चाचे होते का. ती म्हणाली, नाही, पण घरी माझी एक चाची आहे, तिच्यापुढे चाचे पळतील.

शेवटी ओटी. आपली गाणी तुला मी काय सांगणार, तू माझ्यापेक्षा जास्त गायली आहेस. पण पाहुण्यांना मी नियम समजावून सांगते, आणि सांगताना मलाच नवे वाटतात. हळद असो, नवी होडी पाण्यात घालायची असो, एकीने ओळ घालायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, म्हणजे पाठोपाठ म्हणायची. घालणारी ओळीत कुणाचंही नाव गुंफते, कुणाची थट्टा, कुणाची कागाळी, जे पोटात असेल ते. बाकीच्यांना पटो न पटो, उचलावीच लागते. आपल्या वाडीत मानतात की न उचललेली ओळ घालणारीच्या माथी पडते, तिचं वाईट होतं. म्हणून कितीही भांडण असलं तरी बायका एकमेकींची ओळ खाली पडू देत नाहीत. पाहुण्यांना हे फार आवडतं. मितेश सर म्हणाले, याला म्हणतात समाज.

आई दर शनिवारी गाते. तिने तुला ओळीत घेतलं. तू दुसरीकडून ऐकण्यापेक्षा मीच लिहिते. ओळ अशी होती:

दर्या भरला बाई भरला, शिवा माजा दर्यावरी,
सून गेली खाडीपार, दिवा नाही माज्या घरी.

तशी साधीच ओळ आहे. होडी बाहेर असताना घरच्या बाईने खाडी ओलांडायची नाही, हे जुन्या बायका मानतात, त्यातली. आता भाट्याच्या खाडीवर पूल आहे आणि रोज हजार बायका ओलांडतात, पण आईला पुलाचं काय.

मितेश सरांनी त्याचा व्हिडिओ त्यांच्या पानावर टाकला. खाली लिहायला मला सांगितलं. मी लिहिलं, 'समुद्रावर गेलेल्या मुलासाठी आईची साद.' ते खोटं नाही ना?

तुझी,
रुचिरा

रत्नागिरी, २२ डिसेंबर २०२४

वहिनी,

तुझ्या भावाचा, नितेशचा मेसेज आला. दोनच शब्द, 'गाणं थांबवा.' मी त्याला लांब उत्तर लिहिलं. तेच तुला लिहिते.

पाहुण्यांना शब्दांचा रोख कळत नाही. ते पुण्यामुंबईचे, काही परदेशातले. त्यांच्यासाठी तुझं नाव, संध्या, म्हणजे नुसती दिवेलागणीची वेळ. आणि या गाण्यांचा स्वभावच तसा आहे, नावं घ्यायची, बोचायचं. तुझ्याच हळदीला झाराच्या मरियम चाचीने आईला तोंडाची तोफ म्हटलं होतं आणि आईने हसत ओळ उचलली होती. बायकांना जे उघड बोलता येत नाही ते त्या गाण्यात बोलतात. ते बंद करायला सांगणारी मी कोण? मी आठ वर्षं त्या घरात राहिले आहे जिथे आई फक्त भात वाढण्यापुरतं बोलायची. आता ती सकाळी डोक्याला तेल लावते. शनिवारी पातळ बदलते. वाडीत लोक तिला बघून थांबतात.

हे सगळं मी नितेशला लिहिलं. पुढची ओळ त्याला लिहिली नाही. पण त्याने ती ऐकलेली असणार, म्हणून तुझ्यापासून लपवत नाही:

संध्या तिचं नाव गो, जैतापूर गाव गो,
एक गिळून बसली बाई, दुसऱ्यावर डाव गो.

मीही उचलली, वहिनी. ओटीवर बसलं की उचलावी लागते. एकदा उचलली की पुन्हा तीनदा म्हणायची असते.

त्या दिवशी पाहुण्यांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मितेश सरांनी तोही व्हिडिओ टाकला. खाली मी लिहिलं, 'कोकणच्या स्त्रियांचं खेळकर गाणं.' लिहून झाल्यावर मी चहा केला आणि मग तो प्यायले नाही.

रुचिरा

रत्नागिरी, १९ जानेवारी २०२५

वहिनी,

विठू काल दारात उभा राहून सांगून गेला. देवगडच्या बाईंनी, म्हणजे तुझ्या होणाऱ्या सासूने, व्हिडिओ बघितला. त्यांच्या शेजारणीने फोनवर लावून दिला. त्यांना शब्द कळले. त्यांची माणसंही दर्यावरची आहेत, त्यांना कळणारच. त्या म्हणाल्या, लोक थंड होऊ देत, शिमग्यानंतर बघू. विठू म्हणाला, शिमग्यानंतर म्हणजे कधीच नाही, हे तुझ्या घरात सगळ्यांना कळलं. तू दोन दिवस जेवली नाहीस हेही म्हणाला.

मी आईला विचारलं. ती ओटीवर सुकट निवडत होती. मी म्हटलं, आई, संध्यावहिनीचं लग्न मोडतंय तुझ्या गाण्याने.

ती निवडत राहिली. म्हणाली, "मोडू दे."

मी म्हटलं, खाडी ओलांडून ती कुठे गेली होती हे तुला माहीत आहे. सगळ्या वाडीला माहीत आहे. बंदरावर वादळाचा तीन नंबरचा बावटा चढला होता. दादा होडी काढायला निघाला होता. तो फक्त दाजीकाकांचं ऐकायचा, म्हणून वहिनी त्यांना आणायला भाट्याला धावली. ती त्याला थांबवायला गेली होती, आई.

"मंग थांबला काय?"

मी म्हटलं, तो उंबऱ्यावर घुटमळत होता. तू म्हणालीस, तुझ्या बापाने असले चार बावटे बघितले नि परत येऊन जेवला. म्हणून तो गेला. हेही वाडीला माहीत आहे. कुणी म्हणत नाही एवढंच.

तिने सूप खाली ठेवलं. मला वाटलं ती मारेल. तिने सुकटीतला एक खडा काढून गल्लीत टाकला आणि म्हणाली, "तिनं दुसरा घोव केला म्हंजे माजा शिवा मेला. समजलं? ती कुंकू बदलायची नाय. मी जित्ती हाय तोवर नाय. तुला शिकवली ती ह्याच्यासाटी नाय, आईचं तोंड दाबायला."

वहिनी, मला तिचं म्हणणं कळलं. हेच वाईट आहे. ती तुझा सूड घेत नाहीये. तू विधवा झाल्याशिवाय दादा मरू शकत नाही, आणि तुला विधवा होऊ द्यायची नाही, एवढाच तिचा हिशोब आहे. त्यात तू माणूस आहेस हे कुठे येतच नाही.

मी तुला भेटायला येणार होते. राजापूरची एसटी पकडायला स्टँडवर गेले आणि गाडी सुटेपर्यंत बाकावर बसून राहिले.

रुचिरा

रत्नागिरी, ९ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

मी मितेश सरांना फोन केला. आधी थोडक्यात बोलले, मग ते ऐकत नाहीत असं वाटलं म्हणून सगळे शब्द एकेक करून समजावले. कोण संध्या, कुठलं जैतापूर, काय गिळलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रुचिरा, हे आधी का नाही सांगितलंस? हे तर अजून भारी आहे."

मी म्हटलं, सर, तो काढा. एका बाईचं लग्न मोडतंय. त्यांनी खूप समजुतीने सांगितलं की आपण काही चुकीचं केलेलं नाही. परंपरा जशी आहे तशी दाखवली. लोकगीतातला राग खरा असतो, तोच लोकांना पोचतो. त्यांच्या पानावर सगळ्यांत जास्त बघितला गेलेला व्हिडिओ तो आहे, आणि एकदा टाकलेलं ते कधीच काढत नाहीत, काढलं तर लोकांचा विश्वास जातो. वारसा जपायचा म्हणजे गैरसोयीचाही जपायचा, असं म्हणाले. वहिनी, हे वाक्य माझंच आहे. मुलाखतीत मी त्यांना म्हणाले होते.

मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आईला विचारशील का, अजून अशा ओळी आहेत का?"

मी झाराला सांगितलं. आम्ही जेटीवर बसलो होतो. ती म्हणाली, तुझा तो सर म्हणजे मासा सडला तरी फोटो काढील, म्हणील रंग बघा काय सुंदर. मला हसू आलं नाही. ती म्हणाली, बरं, मग गाणं बंद कर, ओटी बंद कर. मी म्हटलं, ओटी बंद केली तरी ते दोन व्हिडिओ राहणार, आणि वहिनीचं नाव त्यात राहणार. आई काय, वाडीभर फिरून गाईल. तिचा आवाज आता सुटलाय.

झाराने माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, तुमच्यात गाण्याला उत्तर फक्त गाण्यानंच देतात ना?

मी तिला म्हटलं, असलं काही सुचवू नकोस. ती माझी आई आहे.

पण तेव्हापासून मी शब्द जुळवते आहे. भांडी घासताना जुळवते, दीपगृहाच्या पायऱ्या चढताना जुळवते. मी कॉलेजात कविता केल्या, एकही बरी झाली नाही. ही चांगली होते आहे.

रुचिरा

रत्नागिरी, २ मार्च २०२५

वहिनी,

हे पत्र तू तुझ्या देवगडच्या माणसांना दाखवलंस तरी चालेल. खरं तर दाखवच.

काल शनिवार होता. पाहुणे बरेच होते, ओटी पुरेना म्हणून काही अंगणात बसले. आई नवं पातळ नेसली होती. वाडीतल्या बायका होत्या, शमिकाकाकी, बाबूची आई, आणखी तिघी. झारा फोन धरून उभी होती, नेहमी उभी राहते तशी. मी तिला आधी फक्त एवढंच सांगितलं होतं की आज मध्ये थांबू नकोस.

आईने देवाची ओळ घातली, आम्ही उचलली. मग तिने तुझी घातली, खाडीची. आम्ही उचलली. मग गिळल्याची. पाहुण्यांतला एकजण आधीच व्हिडिओ बघून आला होता, तो खुशीत मान हलवायला लागला. ती ओळ तीनदा फिरून संपली आणि आई श्वास घ्यायला थांबली. तिथे मी घातली.

तीन नंबर बावटा चढला, सून धावली दाजीपाशी,
उंबऱ्यावरून ठमाबाईनं पोर लोटलं दर्यापाशी.

माझा आवाज चांगला नाही, तुला माहीत आहे. पण ओटीवर सगळ्यांना ऐकू गेला.

कुणी उचलली नाही. शमिकाकाकीने पदर तोंडाला लावला. बाबूची आई खाली बघत राहिली. टाळ्या थांबल्या. आपल्या ओटीवर ओळ अशी पडलेली मी कधी बघितली नव्हती, तूही नसशील. पाहुण्यांना वाटलं गाण्यात तशी जागाच आहे, ते शांत बसून राहिले.

मला माहीत होतं की बायका उचलणार नाहीत. कुठली बाई आईच्या, ठमाबाईच्या, दारात बसून हे म्हणेल? ओळ पडली की माझ्या माथी येणार, हे आई मानते. मी मानत नाही. ती मानते, आणि तिचं एक मूल दर्यात आहे, दुसरं मी. हे सगळं मी दीपगृहाच्या पायऱ्यांवर आधीच बघून ठेवलं होतं. म्हणूनच मी ती ओटीवर घातली, घरात नाही.

आईने माझ्याकडे बघितलं. शिव्या देईल, उठून आत जाईल, असं बाकीच्यांना वाटलं असेल. तिने हात उचलले आणि एकटीने टाळी धरली. मग ओळ उचलली. पहिल्यांदा म्हणताना 'ठमाबाईनं' वर तिचा आवाज चिरकला, दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा तर तिने ती इतकी सुरेख म्हटली, वहिनी, की मी पुढचं सगळं विसरले. स्वतःचं नाव घेऊन, स्वतःच्या उंबऱ्यावरून स्वतःचं पोर लोटलं म्हणून. माझ्यावर काही येऊ नये म्हणून.

पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. एक बाई पुढे येऊन आईच्या पाया पडल्या आणि मला म्हणाल्या, किती भाग्यवान आहात तुम्ही, आईची परंपरा पुढे नेताय.

आई आत गेली. पाहुण्यांना आंबोळ्या मीच वाढल्या.

आज सकाळी वाडीत कुणी आमच्या दारावरून गेलं नाही. पाणी भरायला बायका मागच्या वाटेने गेल्या. दाजीकाका तेवढे आले, भाट्याहून चालत, आईच्या समोर बराच वेळ बसले आणि परत गेले. शमिकाकाकीने मुलीच्या हाती निरोप पाठवला की आता ती ओटीवर बसणार नाही. मला त्याचं वाईट वाटलं. मला वाटलं होतं खरं बोललं गेल्यावर हलकं वाटतं. पुस्तकांत तसं असतं.

झाराने तो व्हिडिओ रात्रीच माझ्याकडे पाठवला होता. मी तो पुन्हा पुन्हा बघितला. मितेश सर एकदा टाकलेलं कधी काढत नाहीत. पहिल्या वेळी मला त्याचा राग आला होता. दुपारी बसून मी खालचा मजकूर लिहिला. या वेळी 'साद' नाही, 'खेळकर' नाही. तिन्ही ओळी, शब्दाला शब्द. संध्या कोण, खाडी का ओलांडली, दाजी कोण, ठमाबाई कोण. गावाचं नाव, दादाचं नाव, बावटा. खाली माझं नाव, ठमाबाईची मुलगी.

आत्ता, जेवताना, आई कालपासून पहिल्यांदा बोलली. माझ्या ताटात भात वाढला, त्यावर आमटी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेवढं त्या पुण्याच्या माणसाला धाडू नको गो, रुचिरा. वाडीतलं वाडीत ऱ्हाऊ दे. माज्या तोंडून एकदा आलं, झालं की आता."

मी भात कालवला.

तिने पुन्हा विचारलं, "नाय ना धाडणार?"

मी ते दुपारीच पाठवलं होतं.

रुचिरा